कामगार सुट्टीच्या दिवशी कुठे जातात?

मागच्या व्हिडिओत आपण "माणसं टिकत नाहीत" या तक्रारीवर बोललो. पगार, वागणूक, वेळेवर उचल हे सगळं झालं, पण एक विषय वेळेअभावी राहून गेला. आपल्याकडचे कामगार कामाच्या बाहेर, स्वतःहून, एकत्र येऊन जे काही करतात त्याचं काय करायचं? कुणी गणेश मंडळाचा खजिनदार असतो, कुणी वारीत चहा वाटायला जातो, कुणी १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या तयारीत महिनाभर रात्री जागतो, तर कुणी गावाकडे श्रमदानाला जातो. आणि बऱ्याचदा हे सगळे एकाच गावचे किंवा एकाच वस्तीतले असतात, म्हणजे सुट्टीला जाताना चौघं एकदम जातात.

नवीन उद्योजक याकडे दोनच नजरांनी बघतो. एक तर "कटकट", नाहीतर "आपलं नाव लावायची संधी". मी दोन्ही चुका केल्या आहेत, आणि त्याही एकाच महिन्यात. आधी तेच सांगतो.

२०१८ साली माझं भोसरीला छोटं प्रेस शॉप होतं. अकरा माणसं, पाच पॉवर प्रेस. त्यातले चौघं साताऱ्याच्या माण तालुक्यातले. माण म्हणजे दुष्काळी पट्टा. तिथली माणसं पिढ्यानपिढ्या मुंबई-पुण्याला कामाला येतात. त्या वर्षी पानी फाउंडेशनच्या 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धेत माण तालुका होता. ही स्पर्धा २०१६ ला तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत पोचली. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस गावाने मिळून पाणलोटाची कामं करायची. डोंगरउतारावर समतल चर खणायचे, बांध घालायचे, शोषखड्डे करायचे. मशीनच्या कामासोबत हाताने केलेल्या श्रमदानालाही गुण. त्यामुळे गावाला माणसं हवी होती, आणि शहरात गेलेल्या पोरांना फोन सुरू झाले.

आमचे हे चौघं शनिवारी शिफ्ट संपली की स्वारगेटला जायचे, रात्रीची एसटी पकडून दहिवडी गाठायचे. रविवारी पहाटेपासून चर खणायचे. रविवारी रात्री परत बसायचे आणि सोमवारी सकाळी आठला थेट कामावर. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच की सोमवारी उत्पादन कमी येतंय आणि लाल डोळ्यांची माणसं पेंगतायत. मला वाटलं रविवारची 'बैठक' असणार. वाटलं, आणि मी ते तसंच धरून चाललो. विचारलं नाही.

मग एका सोमवारी त्यातल्या एकाचा हात डायखाली असताना पाय पॅडलवर पडला. हातमोज्याचं टोक कापलं गेलं. बोटं वाचली, कशी वाचली ते आजही सांगता येणार नाही. आणि हे पण सांगून टाकतो: त्या प्रेसचा गार्ड जॉब पटापट निघावा म्हणून काढून ठेवलेला होता, आणि तो मला विचारूनच काढला होता. भोसरी, चाकण, पिंपरी भागात प्रेसवर बोटं गमावलेली माणसं किती भेटतात, ते तिथे काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

घाबरलो की आपण ओरडतो. मीही ओरडलो. तेव्हा कळलं की पोरं रात्रभर प्रवास करून येतायत. त्यावर मी म्हणालो, "गावचं काम गावात. इथं पोटापाण्याचं काम आहे, ते आधी." चौघांमधला जो सेटर होता, माझा सगळ्यात चांगला माणूस, त्याने त्या महिन्याचा हिशोब मागितला आणि गेला. डाय सेटिंगला तो जिथे अर्धा तास घ्यायचा तिथे नंतर मला दीड-दोन तास लागायला लागले. किती नुकसान झालं ते तुम्हीच मोजा.

आता दुसरी चूक. राहिलेल्या तिघांची समजूत काढावी म्हणून मी ठरवलं की १ मेला आपण सगळे श्रमदानाला जाऊ. त्या दिवशी महाश्रमदान होतं, शहरातून 'जलमित्र' म्हणून पुष्कळ लोक जाणार होते. हेतू वाईट नव्हता. पण मी जाताना कंपनीच्या नावाचा सहा फुटी बॅनर छापून घेतला. गाडीतून उतरवताना आमचे सगळ्यात जुने काका जवळ आले आणि हळूच म्हणाले, "शेठ, बॅनर गाडीतच राहू द्या. इथं कुणाचाच लावलेला नाही." मी आजूबाजूला बघितलं. खरंच नव्हता. मास्तर होते, सरपंच होते, म्हाताऱ्या बायका होत्या, सगळे घमेली उचलत होते. बॅनर गाडीतच राहिला. तीन तासांत माझ्या हाताला फोड आले आणि माझा प्रेसवरचा पोरगा, ज्याला मी आठवडाभरापूर्वी "तुला काही जबाबदारी कळते का?" असं विचारलं होतं, तो साठ-सत्तर माणसांना रांगा लावून देत होता. कुणी खणायचं, कुणी माती ओढायची, पाणी कधी फिरवायचं, सगळं त्याच्याकडे. फक्कीच्या रेषेच्या बाहेर कुणी खणलं की लगेच टोकायचा.

त्याच वर्षी माण तालुक्यातल्याच टाकेवाडी गावाला राज्यातला पहिला क्रमांक मिळाला. आमच्या पोरांचं गाव ते नव्हे, पण बातमी आली त्या दिवशी शॉपमध्ये पेढे त्यांनीच वाटले.

आधी विचारा, मग कॅलेंडर बनवा

या सगळ्यातून मी जी पद्धत बसवली ती आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पहिली गोष्ट, वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक माणसाला विचारायचं: "वर्षभरात तुझी गावची, मंडळाची, समाजाची अशी कुठली कामं असतात, ज्याला तू जाणारच?" इथे "जाणारच" हा शब्द महत्त्वाचा. कारण तुम्ही रजा दिली नाही तरी तो जाणार असतो, फक्त मग आजारी आजोबा मध्ये येतात.

उत्तरं लिहून घ्या. चैत्रातल्या गावच्या यात्रा, १४ एप्रिल, आषाढीच्या आधी पालख्या जातात ते दिवस, गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अन्नदानाला जाणारे. तुमच्याकडे उत्तर भारतातली माणसं असतील तर छठ. मोहरम, ईद. पुण्यात असाल तर ढोल-ताशा पथकाचा सराव गणपतीच्या दीड-दोन महिने आधीच सुरू होतो आणि रोज संध्याकाळी असतो. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पथकातल्या मुलाला रोज ओव्हरटाइम सांगाल तर तो चार दिवस थांबेल, पाचव्या दिवशी खोटं बोलेल. त्याला सकाळी एक तास लवकर बोलवा, संध्याकाळी वेळेवर सोडा.

यात मुंबईच्या डबेवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे. त्यांच्या सचोटीचं आणि वेळेचं कौतुक सगळे करतात, पण त्यांच्या सुट्टीकडे कुणी बघत नाही. बहुतेक डबेवाले जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या भागातले. दरवर्षी एप्रिलच्या आसपास गावच्या यात्रांसाठी ते काही दिवस सेवा बंदच ठेवतात. आणि हे चोरून होत नाही, ग्राहकांना तारखा आधी कळवलेल्या असतात. १८९० पासून चालत आलेला धंदा आहे, या सुट्टीने तो बुडालेला नाही. याच लोकांनी २०१५ च्या अखेरीस रोटी बँक सुरू केली होती: लग्नसमारंभात उरलेलं चांगलं अन्न उचलायचं आणि रस्त्यावर राहणाऱ्या भुकेल्या माणसांपर्यंत पोचवायचं. डबे पोचवून झाल्यावर, स्वतःच्या वेळेत. विचार करा, अन्न उचलणं, वेळेत पोचवणं, पत्ता न चुकणं, हे त्यांचंच कसब. सहकारी एकत्र येऊन काही करतात तेव्हा बहुतेक वेळा ते आपल्या हातातल्याच कलेतून करतात. वारीच्या वाटेवर चपला शिवून देणारे असतात, दाढी-केस करून देणारे असतात, तसंच.

कायद्याचंही थोडं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आणि ८ पगारी सणाच्या सुट्ट्या धरलेल्या आहेत. त्या आठातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या असतात. बहुतेक मालक या चार स्वतःच ठरवून नोटीस लावतात. तसं न करता वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना बसवून ठरवा. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. तुमच्या माणसांच्या संख्येप्रमाणे कायदा किती लागू होतो ते तुमच्या सल्लागाराकडून तपासून घ्या. पण लागू नसला तरी हा आकडा मोजमाप म्हणून चांगला आहे.

कॅलेंडर तयार झालं की तुमच्या ऑर्डरशी जुळवा. मला जर मार्चमध्येच माहीत असतं की एप्रिल-मे चौघं रविवारी गावी जाणार, तर मी काय केलं असतं? जे नंतरच्या वर्षी केलं तेच. नेहमीच्या दोन जॉबचा स्टॉक आधी काढून ठेवला. ग्राहकाच्या खरेदीवाल्याला फोन करून सांगितलं की या सहा आठवड्यांत सोमवारचा माल मंगळवारी येईल. त्याला काहीही फरक पडला नाही. त्याला तारीख हवी असते, आणि ती दिल्यावर पाळलेली हवी असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: रात्रीचा प्रवास करून आलेला माणूस सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रेसवर बसणार नाही. बर काढायची, तपासणी करायची, पॅकिंग करायचं. हा नियम भिंतीवर लिहिला. (गार्ड परत बसवले हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. गार्ड काढायचा नाही. कधीच नाही.)

आता तुम्ही म्हणाल, "सर, तीन माणसांचं दुकान आहे, दोघं एकाच मंडळातले आहेत. दोघांना एकदम सोडलं तर शटर मी ओढू का?" बरोबर आहे. तिथे सरळ बोलायचं: विसर्जनाला दोघं जा, पण स्थापनेला एकच जाईल, कोण ते तुम्ही दोघं ठरवा. त्यांनी ठरवलेलं ते पाळतात. मी ठरवलेलं पाळतात असा अनुभव नाही. आणि विसर्जनाच्या दिवशी तुमच्या भागात गिऱ्हाईक येतं तरी किती, हेही एकदा मागच्या वर्षीची वही काढून बघा.

वर्गणी, मदत आणि पैशाचे प्रश्न

मंडळाची पावती घेऊन तुमचाच माणूस समोर उभा राहतो तेव्हा नाही म्हणता येत नाही. मग तुम्ही मनात चरफडत पाचशे देता. त्यापेक्षा वर्षाची एक रक्कम ठरवा. समजा पाच हजार. ती कशाला द्यायची हे कामगारांनाच ठरवू द्या, सगळी मंडळाला किंवा अर्धी शाळेच्या वह्यांना. पैसे संपले की संपले. देताना पावती घ्या आणि यूपीआय किंवा चेकने द्या. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी जमवायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी काढावी लागते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात तशी तरतूद आहे. ती परवानगी आहे का, हे हसतखेळत विचारायला हरकत नाही. उलट तुमचा माणूस खजिनदार असेल तर त्यालाच त्याचा फायदा.

"सर, यावर टॅक्स वाचतो का?" वाचू शकतो, पण फार आशा ठेवू नका. संस्थेला ८० जीची मान्यता हवी, दोन हजारांच्या वरची रोख देणगी चालत नाही, आणि वैयक्तिक करदाता नव्या कररचनेत असेल तर ही सवलत मिळतच नाही. गल्लीतल्या मंडळाच्या पावतीवर ती मिळेल असं धरून चालू नका. आणि सीएसआर हा शब्द छोट्या उद्योजकांनी उगाच वापरू नये. कायद्यातलं सीएसआर ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपन्यांसाठी आहे. आपण पाच हजार दिले तर दिले.

पगारातून वर्गणी कापू नका. "सगळ्यांचे शंभर-शंभर कापून घेतो, चांगलं काम आहे" असं म्हणणारे मालक मी पाहिलेत. काम चांगलं असेल, पगार त्याचा आहे. ज्याला द्यायचे तो हातात पैसे पडल्यावर देईल.

पैशापेक्षा वस्तूची मदत जास्त उपयोगी पडते, हे माझं मत. टेम्पो एका रविवारी रिकामा उभा असतो. दुकानाची मागची खोली बैठकीला देता येते. रक्तदान शिबिर असेल तर खुर्च्या, पंखे, पाणी. (रक्तदानाला गेलेल्या माणसाला त्या दिवशी जड काम आणि मशीन नको. आणि पुरुषाने पुन्हा रक्त द्यायला तीन महिने, बाईने चार महिने थांबायचं असतं, त्यामुळे दर शिबिराला तोच मुलगा पुढे होत असेल तर जरा थांबवा.)

त्यांचं काम त्यांचंच

माझ्या बॅनरची गोष्ट इथे परत येते. एका बाईंचं शिलाई युनिट आहे, आमच्या वर्गात शिकून गेल्या. त्यांच्याकडच्या सहा जणी एकाच बचत गटात. महिन्यातून एकदा बैठक, त्यामुळे त्या दिवशी सहा मशीन दोन तास बंद. आधी त्या वैतागायच्या. मग त्यांनी सुचवलं, बैठक युनिटमध्येच घ्या. सगळ्या खूश. पुढच्या महिन्यात त्या स्वतः बैठकीत जाऊन बसल्या, तिसऱ्या महिन्यात कुणाला कर्ज द्यावं यावर बोलल्या. चौथ्या महिन्यात बैठक परत एकीच्या घरी गेली. कारण कर्जाची गरज मालकिणीसमोर कोण सांगणार?

बचत गटाची पंचसूत्री बघा: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशोब नीट लिहिणं. ही शिस्त ज्या बाईने पाच वर्षं पाळली आहे तिला तुम्ही डिस्पॅचची वही द्या, बिनधास्त. तसंच मंडळाच्या खजिनदाराला छोटी रोकड सांभाळायला देता येते, आणि श्रमदानात साठ माणसं हाताळणाऱ्या माझ्या प्रेसवरच्या पोराला मी पुढे शिफ्टचा सुपरवायझर केला. पण हे बघून ठेवायचं, त्यावर डल्ला मारायचा नाही. "तुझ्या मंडळाची दोनशे माणसं आहेत, त्यांना आपली पत्रकं वाट" असं म्हणालात की तो माणूस मंडळात तोंडघशी पडतो.

सक्तीचं तर विसराच. सगळ्यांनी वृक्षारोपणाला यायचंच, नाही आलं तर हजेरी कापू, असं केलंत तर ती सेवा उरत नाही, ते काम झालं. मग त्या दिवसाचा पगार द्यावा लागतो, आणि तिथे कुणाला लागलं तर "तो स्वतःच्या मर्जीने आला होता" असं तुम्हाला म्हणता येणार नाही. मी १ मेला सगळ्यांना घेऊन गेलो तेव्हा दोघं आले नाहीत. एकाची बहीण माहेरी आली होती. दुसऱ्याने कारण सांगितलं नाही, आणि ते विचारणं माझं काम नव्हतं.

एक नाजूक गोष्ट राहिली. काही जण पक्षाचं काम करतात, काही संघटनेचं. कामाच्या वेळेत प्रचार नाही, दुकानाच्या भिंतीवर झेंडा नाही, हे दोन नियम सगळ्या पक्षांना सारखे लावा, तुमच्या आवडत्या पक्षालाही. बाहेर तो काय करतो, कुठल्या सभेला जातो, त्यावर बोलू नका. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी लागते, ती द्या. मुलाखतीत "तू कुठल्या मंडळाचा?" असं विचारू नका, त्यातून जात आणि पक्ष दोन्ही कळतात, आणि समोरच्याला ते लगेच समजतं. रुजू झाल्यावर कॅलेंडर भरताना तो काय सांगायचं ते सांगेल.

तो गेलेला सेटर आता चाकणला आहे. मी नंतर फोन केला होता, माफीही मागितली. परत आला नाही. पण त्याच्या गावचा एक मुलगा पुढच्या वर्षी त्यानेच माझ्याकडे पाठवला, आणि पाठवताना सांगितलं की चैत्रात पाच दिवस यात्रेला सोडायचं असेल तरच ठेवा.